रेषेचे मोल : व्यंगचित्रकाराच्या स्वतंत्र व्यवसायाविषयी

गेल्या वर्षी याच व्याख्यानमालेत मराठी विनोदी निबंधावर बोलून मी व्यासपीठावरून खाली उतरत होतो, तेव्हा या शाळेचा एक माजी विद्यार्थी हातात वही घेऊन पुढे आला. व्याख्यान चालू असताना त्याने माझे चित्र काढले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक बोट आकाशाकडे, आणि टेबलावरच्या पेल्यातले पाणी केव्हाच संपलेले! चित्र माझ्यासारखे होते. किंबहुना माझ्यापेक्षाही अधिक माझ्यासारखे होते. मी मनापासून हसलो. तो मात्र हसला नाही. त्याने विचारले, “सर, एवढ्यावर पोट भरता येईल का?”

“प्रयत्न कर, यश येईल,” असे काहीसे बोलून मी त्या वेळी सुटका करून घेतली. घरी आल्यावर मात्र ते उत्तर मला बोचत राहिले. ज्या चित्रकलाशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी असे मोघम उत्तर कधीच दिले नसते. यंदा मुख्याध्यापिकाबाईंनी पुस्तिकेसाठी लेख मागितला, तेव्हा त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तरच लिहावे असे ठरविले.

माझा अधिकार काय, हे आधी सांगितले पाहिजे. मी हाती कुंचला धरलेला नाही. परंतु चाळीसएक वर्षे विनोदी वाङ्मय शिकविले, महाविद्यालयाची वार्षिके काढली, स्मरणिका संपादिल्या. म्हणजे मी चित्रे मागणाऱ्यांच्या बाजूला बसलेला मनुष्य आहे. टेबलाच्या पलीकडच्या बाजूने हा व्यवहार कसा दिसतो आणि त्यात चित्रकार कोठे नाडला जातो, हे मला ठाऊक आहे. कारण त्याला नाडणाऱ्यांत मीही एक होतो.

एक जुना हिशेब

१९८३ सालची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकाचा मी संपादक होतो. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातील एक मुलगा सुरेख व्यंगचित्रे काढी. त्याच्याकडून मी प्राध्यापकांची बारा अर्कचित्रे काढून घेतली. त्यासाठी तो तीन आठवडे राबला. दोन चित्रे मला पसंत पडली नाहीत म्हणून त्याने ती पुन्हा काढली. अंक गाजला. अंकाच्या जमाखर्चात कागदवाल्याचे पैसे होते, छापखान्याचे होते, बांधणीवाल्याचे होते. एवढेच नव्हे, तर त्या चित्रांचे जस्ताचे ठसे करून देणाऱ्याचेही होते. नव्हते ते फक्त चित्रे काढणाऱ्याचे. त्याला स्नेहसंमेलनात श्रीफळ आणि गुलाबाचे फूल दिले. मूळ चित्रे छापखान्यातून परत आली नाहीत आणि ती मागण्याचे मला सुचलेही नाही.

पंचवीसेक वर्षांनी तो मला एका लग्नात भेटला. विमा कार्यालयात नोकरीला होता. “अजून चित्रे काढतोस का रे?” मी विचारले. तो म्हणाला, “नाही, सर. ते तेव्हाच सुटलं. पण ती बारा चित्रं तुमच्याकडे असतील तर हवी होती. मुलीला दाखवली असती.”

माझ्याकडे ती नव्हती. चित्रे सोडण्याची त्याची कारणे अनेक असतील. परंतु त्यांतले पहिले कारण मी पुरविले, ही टोचणी गेलेली नाही. पुढील मजकूर त्या टोचणीतून आलेला आहे.

‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ

नोकरी न करता जो व्यंगचित्रे काढतो त्याला आपण ‘स्वतंत्र’ व्यंगचित्रकार म्हणतो. लोक या शब्दाचा अर्थ ‘मोकळा’, ‘वेळापत्रक नसलेला’ असा करतात. परंतु ‘तंत्र’ म्हणजे व्यवस्था, कार्यपद्धती. स्वतंत्र म्हणजे ज्याची स्वतःची व्यवस्था आहे तो. नोकरदाराला कार्यालय तंत्र पुरविते : वेळ, पगाराची तारीख, सुट्ट्या, कामाची सीमा. स्वतंत्र व्यावसायिकाला हे सारे स्वतः उभारावे लागते. ते उभारले नाही तर तो परतंत्रच राहतो. कधी गिऱ्हाइकाच्या लहरीचा, कधी महिन्याअखेरच्या विवंचनेचा. या लेखातील प्रत्येक सूचना याच एका सूत्राभोवती फिरणारी आहे.

पूर्वसूरींकडे पाहिले तर प्रत्येकाने आपले तंत्र निराळे बसविलेले दिसते. कोल्हापुरात १९२७ साली जन्मलेले वसंत सरवटे पेशाने स्थापत्य अभियंता होते आणि त्यांनी सिमेंट कंपनीत नोकरी केली. ‘रेषालेखक’ हे बिरुद ज्यांच्या नावाशी जोडले गेले, त्यांचे घर रेषेवर अवलंबून नव्हते. म्हणून रेषेला कोणाची मनधरणी करावी लागली नाही. ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने सदर लिहीत, त्या ठणठणपाळाला रूप दिले ते सरवट्यांनीच.

गोव्यातील लोटलीचे मारिओ मिरांडा यांची गोष्ट वेगळी. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रे काढू लागले, तेव्हा आईने त्यांना कोरी वही आणून दिली. पुढे रोजनिशीच चित्रांतून लिहिण्याची सवय जडली. मित्रांसाठी ते खास पोस्टकार्डे रंगवून देत आणि त्याचे थोडे का होईना, पैसे घेत. नंतर काही वर्षे त्यांनी जाहिरातीच्या स्टुडिओत काम केले आणि मग ते पूर्णवेळ व्यंगचित्रांकडे वळले.

आर. के. लक्ष्मण म्हैसूरचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने त्यांना प्रवेश नाकारला होता. विद्यार्थिदशेतच ते बंधू आर. के. नारायण यांच्या कथांना चित्रे काढत होते. ‘कोरवंजी’ या कन्नड विनोदी मासिकासाठीही त्यांनी चित्रे काढली. वर्तमानपत्रात स्थिरावल्यावरही १९५४ साली एका रंगकंपनीसाठी त्यांनी ‘गट्टू’ हा खोडकर मुलगा निर्माण केला. तो पुढे कित्येक वर्षे त्या कंपनीची ओळख बनून राहिला.

आणि आपल्या अगदी जवळचे उदाहरण म्हणजे शि. द. फडणीस. बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी १९२५ साली त्यांचा जन्म झाला. शब्द नसलेली हास्यचित्रे ही त्यांची खूण. ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावरील मांजरांच्या नक्षीची साडी नेसलेली तरुणी आणि उंदरांच्या नक्षीचा सदरा घातलेला तरुण यांना मथळ्याची गरज लागली नाही. पुढे त्यांनी शालेय गणिताच्या पुस्तकांसाठीही चित्रे काढली.

या चौघांकडून तरुण चित्रकाराने एक गोष्ट घ्यावी. पहिली काही वर्षे पोटासाठी दुसरा आधार ठेवण्यात कमीपणा नाही. शिकवणी, छपाईची जुळवणी, अर्धवेळ नोकरी यांपैकी काहीही चालेल. सहा महिने घर चालेल एवढी शिल्लक आणि वर्षभर नियमाने काम देणारी तीन-चार ठिकाणे हाती आल्याखेरीज हा आधार सोडू नये.

अर्क काढण्याची साधना

‘कॅरिकेचर’ या शब्दाच्या मुळाशी ‘भार लादणे’ या अर्थाचे इटालियन क्रियापद आहे. मराठीने त्यासाठी ‘अर्कचित्र’ असा शब्द घडविला, आणि तो मूळ शब्दापेक्षा सरस आहे असे मला वाटते. भार बाहेरून लादता येतो. अर्क आतून काढावा लागतो.

नवशिक्याची चूक अशी की तो नाक मोठे करतो आणि थांबतो. अनुभवी चित्रकार आधी अवयवांमधील अंतरे पाहतो. दोन डोळ्यांत किती जागा आहे, नाकाखालून हनुवटीपर्यंतचा भाग उरलेल्या चेहऱ्याच्या मानाने केवढा आहे, डोके मानेवर बसले आहे की खांद्यांत रुतले आहे? सर्वसाधारण चेहऱ्यापासून हा चेहरा ज्या दिशेने दूर जातो, त्याच दिशेने त्याला आणखी दोन पावले न्यायचे, ही अतिशयोक्तीची रीत. चेहऱ्याइतकीच उभे राहण्याची ढब महत्त्वाची. पाठमोऱ्या आकृतीवरून माणूस ओळखू आला, तर अर्क उतरला असे समजावे.

यासाठी रोजचा रियाज हवा. बसस्थानक, भाजी मंडई, बँकेतील रांग, न्यायालयाचे आवार या आपल्या विनामूल्य शाळा आहेत. दररोज निदान दहा चेहरे, प्रत्येकी दोन मिनिटांत, खोडरबराविना टिपावेत आणि पानावर तारीख घालावी. साहित्य साधे असले तरी चालते : टाक, काळी शाई, ब्रश-पेन, बऱ्यापैकी जाड कार्ट्रिज कागद. संगणकाच्या पाटीवर काढणाऱ्यांनीही कागदाची सवय मोडू नये, कारण समारंभात वीज गेली तरी कागद चालू राहतो.

कामे कोठे मिळतात

केवळ वर्तमानपत्रातील राजकीय व्यंगचित्र म्हणजे हा व्यवसाय, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. वर्तमानपत्रांत अशा जागा मोजक्याच असतात. स्वतंत्र चित्रकाराची कामे विखुरलेली असतात : बालपुस्तकांची सजावट, पाठ्यपूरक पुस्तके, दिवाळी अंक, पतसंस्था व बँकांच्या दिनदर्शिका, आरोग्य किंवा वाहतूक यांविषयीचे फलक, कारखान्यांची गृहपत्रिका, गणेशोत्सवाचे देखावे, लग्नपत्रिका, निवृत्तीच्या समारंभातील भेटचित्रे, शाळांतील कार्यशाळा.

दिवाळी अंकांविषयी एक सूचना. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येत असली तरी संपादकांची आखणी पावसाळ्याच्या आरंभीच सुरू होते. गणपतीनंतर चित्रे पाठविणाऱ्याला बहुधा पुढल्या वर्षीचे आश्वासन मिळते. म्हणून जून-जुलैमध्येच निवडक चित्रे पाठवावीत. एकच चित्र एकाच वेळी दोन अंकांकडे धाडू नये. ते दोन्हीकडे छापून आले तर दोन्ही दारे बंद होतात.

संपादकाला किंवा प्रकाशकाला दाखविण्यासाठी बारा ते पंधरा चित्रांचा संच पुरे. त्यात अर्कचित्रे, मथळ्याविना हास्यचित्रे, गोष्टीसाठी काढलेली सजावट असे प्रकार असावेत. शंभर चित्रे पाहणाऱ्याच्या लक्षात सर्वांत वाईट चित्र राहते, हा संपादक या नात्याने माझा अनुभव आहे.

आपल्या सीमाभागातील चित्रकाराला एक लाभ आहे आणि तो आपण ओळखत नाही. आपल्या एकाच बाजारपेठेत मराठी, कन्नड, कोकणी आणि इंग्रजी बोलणारे गिऱ्हाईक येते. मथळ्यावर विसंबलेले चित्र एका भाषेपुरते उरते. शब्दाविना हसविणारे चित्र चारही घरांत जाते. भाषेवरून माणसे एकमेकांपासून दुरावतात अशा प्रदेशात असे चित्र काढता येणे, हे व्यवसायाच्या पलीकडचेही मोल आहे.

मान आणि धन

‘मानधन’ हा शब्द मोठा फसवा आहे. त्यात मान आधी येतो आणि धन नंतर. आमच्या संस्था पहिल्या पदापाशीच थांबतात. “तुला काय, दोन रेघा तर मारायच्या!” हे वाक्य प्रत्येक चित्रकाराने ऐकलेले असते. त्या दोन रेघा कोठे मारू नयेत हे कळण्यासाठी दहा वर्षे गेलेली असतात, हे ऐकविण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा आपला दर शांतपणे सांगावा.

दर ठरविण्याची रीत सोपी आहे. समजा, घरखर्च, साहित्य, प्रवास, वीज, संगणकाची झीज हे सारे धरून महिन्याला ३०,००० रुपये लागतात. महिन्यातील सगळे दिवस रेखाटनासाठी मिळत नाहीत. भेटी, पत्रव्यवहार, वसुली, आजारपण यांतून प्रत्यक्ष रेखाटनाला १५ दिवस उरले, तर एका दिवसाचे मोल २,००० रुपये झाले. ज्या चित्राला दीड दिवस लागतो ते ३,००० रुपयांखाली देणे म्हणजे पदरचे घालणे. आकडे ज्याचे त्याने आपल्या परिस्थितीप्रमाणे बदलावेत, हिशेब मात्र असाच करावा. शेजारचा चित्रकार किती घेतो हे पाहून दर ठरवू नये. त्याचे घर कदाचित वडिलोपार्जित असेल.

लग्न-मुंजीत किंवा मेळाव्यात पाहुण्यांची जागच्या जागी अर्कचित्रे काढण्याचे काम अलीकडे बरेच मिळते. तेथे माणशी दर न ठरविता ताशी दर ठरवावा. एका चेहऱ्याला सहा-सात मिनिटे धरली, तर तासाला आठ-नऊ चित्रे होतात. यजमानाला हे आधीच सांगावे. नाहीतर दोनशे पाहुण्यांची रांग लागते आणि रात्री अकराला यजमान रुष्ट होतात. दोन तासांनंतर हाताला आणि डोळ्यांना विश्रांती, प्रवासखर्च वेगळा, आणि बसण्यासाठी उजेडाची जागा, या तीन गोष्टी बोलून घ्याव्यात.

विनामूल्य काम कधीच करू नये, असे मी म्हणणार नाही. शाळेसाठी, अडल्यानडल्यासाठी जरूर करावे. परंतु तेव्हाही पूर्ण रकमेचे बिल करून त्याखाली ‘देणगीदाखल माफ’ असे लिहावे. दान देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही दानाची किंमत कळली पाहिजे. मी त्या मुलाकडून दान घेतले नव्हते. न विचारता घेतले होते, आणि न विचारता घेतलेल्याला दान म्हणत नाहीत.

कागदावर असावे असे काही

आपल्याकडे लिहून मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असा समज आहे. वास्तविक लेखी बोलण्याने स्नेह टिकतो. काम घेताना अर्ध्या पानाचे पत्र किंवा संगणकीय निरोप पुरेसा आहे. त्यात पुढील गोष्टी याव्यात : चित्रे किती व कोणत्या आकाराची, कच्चे आरेखन कधी आणि पक्के चित्र कधी, दुरुस्त्या किती वेळा (दोन वेळा हे प्रमाण योग्य, त्यापुढे वेगळा आकार), एकूण रक्कम, त्यातील निम्मी आगाऊ, काम मध्येच रद्द झाल्यास काय, आणि चित्र कोठे, किती काळ वापरले जाणार.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि त्यासाठी १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याची जुजबी ओळख हवी. या कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला मालक सामान्यतः चित्रकारच असतो. नोंदणी केलेली नसली तरीही. हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. वर्तमानपत्राच्या नोकरीत असताना काढलेल्या चित्राचा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाकडे जातो. अन्य करार नसेल तर बाकीचे हक्क चित्रकाराकडेच राहतात. बाहेरून चित्रे देणारा नोकर नसल्यामुळे त्याची बाजू याहून बळकट असते.

परंतु एक खाच आहे आणि ती अर्कचित्रकाराने विशेष ध्यानात ठेवावी. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेले व्यक्तिचित्र असेल आणि उलट करार नसेल, तर कायदा त्याचा पहिला मालक काढवून घेणाऱ्याला मानतो. अर्कचित्र हेही व्यक्तिचित्रच, असा युक्तिवाद सहज होऊ शकतो. म्हणून ‘या चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराकडे राहील, ग्राहकास अमुक कामासाठी वापराची परवानगी आहे’ हे एक वाक्य पत्रात असलेच पाहिजे.

हक्क विकायचाच असेल तर तो लेखी आणि सहीनिशीच विकला जातो. किती काळासाठी हे लिहिले नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो. कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिले नसेल तर भारतापुरता धरतो. आणि हक्क विकल्यानंतरही चित्रकार म्हणून आपले नाव सांगण्याचा, तसेच आपल्या कीर्तीला बाध येईल अशी चित्राची मोडतोड रोखण्याचा अधिकार चित्रकाराकडे उरतोच.

मूळ चित्र हातचे सोडू नये. ग्राहकाला छपाईयोग्य प्रत द्यावी. रेषाचित्र असेल तर किमान ६०० ठिपके प्रतिइंच या प्रतीचे स्कॅन पुरते. आंतरजालावर ठेवायची प्रत लहान असावी आणि सही चित्राच्या कोपऱ्यात न ठेवता आकृतीच्या आत, कापून काढता येणार नाही अशा जागी असावी. प्रत्येक चित्राची वहीत नोंद असावी : तारीख, कोणासाठी, कोठे छापले, किती मिळाले, मूळ प्रत कोठे आहे. १९८३ साली त्या मुलाकडे अशी वही असती, आणि माझ्याकडे तिच्याइतकी शिस्त असती, तर त्याच्या मुलीला ती चित्रे पाहता आली असती.

पैशांचे तंत्रही असेच. व्यवसायाचे बँकखाते वेगळे ठेवावे; बिलावर क्रमांक आणि तारीख असावी. संस्थेने कर कापून रक्कम दिली असल्यास त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे, म्हणजे विवरणपत्र भरताना ती रक्कम वजा धरता येते. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल आपल्या राज्यात २० लाख रुपयांच्या आत असेल तर सामान्यतः वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची नाही. सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य होते, आणि अशा नोंदणीकृत व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घेणाऱ्यावर घातलेले आहे. थकलेल्या बिलाच्या स्मरणपत्रात या कायद्याचा नम्र उल्लेख पुष्कळदा उपयोगी पडतो.

व्यंग आणि व्यंग्य

आतापर्यंत व्यवहाराविषयी लिहिले. आता विवेकाविषयी, कारण तोही स्वतःच्या तंत्राचाच भाग आहे.

‘व्यंग’ म्हणजे अंगातील उणीव. ‘व्यंग्य’ म्हणजे ध्वनित होणारा, सुचविलेला अर्थ. आपल्या साहित्यशास्त्रात या संज्ञेला फार मोठे स्थान आहे. मराठीत आपण लिहितो ‘व्यंगचित्र’, परंतु चांगल्या चित्रकाराचा डोळा ‘व्यंग्या’वर असतो. लंगडणे, काळा वर्ण, जात दाखविणारी खूण, बाईचा लठ्ठपणा यांवर हसविणे सोपे आहे. त्यासाठी कलावंत लागत नाही. सत्ताधीशाची ऐट, विद्वानाची पोकळी, भक्ताचा दंभ हे माणसाने स्वतः मिळविलेले असते. जे माणसाने स्वतः मिळविले त्यावर हसावे. जे त्याला जन्माने किंवा दैवाने मिळाले त्यावर हसू नये. विवाहप्रसंगी काढलेल्या चित्रात तर हे फारच सांभाळावे. वधूचे चित्र भिंतीवर लागणार असते आणि ते तिला रोज पाहायचे असते.

राजकीय चित्र काढणाऱ्याने किंमत मोजण्याची तयारी ठेवावी. फ्रान्समध्ये दोमिए याने राजाला सारे गिळणाऱ्या राक्षसाच्या रूपात दाखविले, तेव्हा १८३२ साली त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. आपल्याकडेही २०१२ साली व्यंगचित्रे काढल्याबद्दल मुंबईत असीम त्रिवेदी यांना अटक झाली, आणि एक व्यंगचित्र संगणकावरून इतरांना पाठविल्याबद्दल कोलकात्यात एका प्राध्यापकांना. संगणकीय मजकुराविषयीचे ‘६६ अ’ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द ठरविले; अब्रुनुकसानीचा गुन्हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली आजही कायम आहे. म्हणून ज्या घटनेवर चित्र काढले तिचे कात्रण तारखेसह जपून ठेवावे, आणि चित्र कृतीवर असावे, कुटुंबावर असू नये.

चित्र आपल्या काळातून निसटून दुसऱ्या काळात जाते, हेही विसरू नये. राज्यघटनेच्या कामाला लागणाऱ्या वेळेविषयी शंकर यांनी १९४९ साली काढलेले चित्र एका पाठ्यपुस्तकात घेतले गेले. त्यातील चाबूक आणि त्या चाबकाखालची आकृती पाहून २०१२ साली संसदेपर्यंत वाद गेला. चित्र तेच होते, पण पाहणारे बदलले होते, आणि ज्यांच्या पूर्वजांनी खरे चाबूक सोसले त्यांना ते हसू देईना. चित्रकाराने पुढील साठ वर्षांचा अंदाज बांधावा असे कोणी म्हणणार नाही. पण चित्र काढून झाल्यावर, ज्याला सर्वांत जास्त लागेल त्याच्या जागी बसून ते एकदा पाहावे, एवढे तर करता येते.

आता यंत्रही चित्रे काढू लागले आहे. छायाचित्र दिले की क्षणात अर्कचित्रासारखे काहीतरी तयार होते, आणि स्वस्तातली बरीच कामे त्याच्याकडे जाणार हे उघड आहे. यंत्राने काढलेले आपल्या सहीने देऊ नये, एवढा प्रामाणिकपणा पाळावा. बाकी घाबरून जाऊ नये. यंत्राला चेहरा दिसतो. या मनुष्याच्या समोरचा पेला रिकामा आहे आणि तरीही तो बोलतोच आहे, यातली गंमत त्या मुलाने सभागृहात बसून हेरली होती.

उत्तर

तेव्हा त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : पोट भरता येईल, परंतु केवळ रेषेवर नाही. रेषेबरोबर नोंदवही, लेखी पत्र, स्वतःचा दर आणि नाही म्हणण्याचे बळ लागेल. पहिली पाच वर्षे दुसरा आधार धरून काढावी लागतील. आणि कोठे हसायचे नाही हे आपल्यालाच ठरवावे लागेल, कारण ते सांगायला वर कोणी साहेब नसेल.

उत्तराचा दुसरा भाग त्याच्यासाठी नाही. तो माझ्यासारख्यांसाठी आहे. संस्थांचे चिटणीस, स्मरणिकांचे संपादक, शाळांचे चालक, आपण सर्वांनी जमाखर्चात कागद आणि छपाई यांच्या शेजारी ‘चित्रकार’ अशी एक ओळ घालावी, आणि काम झाल्यावर मूळ चित्र ज्याचे त्याला परत करावे. हे पुस्तक छापण्यास जाण्यापूर्वी मी मुख्याध्यापिकाबाईंना तशी विनंती केली. यंदाच्या मुखपृष्ठावरील चित्र त्याच मुलाचे आहे. त्याने बिल दिले, शाळेने ते चुकते केले, आणि मूळ चित्र त्याच्या घरी परत गेले आहे. बिलावर क्रमांक होता : एक.